हीरो पहिली की होंडा? आकडा डीलरपर्यंतचा आहे की ग्राहकापर्यंतचा, ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एप्रिल २०२५ च्या एका बातमीत होंडाने हीरोला मागे टाकल्याचं लिहिलंय. दुसऱ्या बातमीत त्याच महिन्यात हीरोच पहिली आहे, आणि हीरोचे दोन्हींकडचे आकडे एकमेकांच्या जवळपासही नाहीत. तुम्हाला हीरो, होंडा, बजाज आणि टीव्हीएस यांच्या मोटरसायकल विक्रीची तुलना करणारा प्रकल्प लिहायचा आहे, तर यातला खरा आकडा कोणता धरायचा?

दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. मी बरीच वर्षं दुचाकीच्या डीलरशिपमध्ये स्टॉक आणि विक्रीचं नियोजन सांभाळलं आणि आता याच धंद्याच्या आकड्यांवर काम करतो. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल, पण प्रकल्पाला उपयोगी पडेल असं देतो.

कंपनी दर महिन्याच्या सुरुवातीला गेल्या महिन्याची ‘विक्री’ जाहीर करते. तो आकडा असतो कारखान्यातून निघालेल्या आणि डीलरच्या नावावर बिल झालेल्या गाड्यांचा. गाडी ट्रकवर चढली, इन्व्हॉइस फाटलं, की कंपनीच्या दृष्टीने ती विकली गेली. महसूल त्याच वेळी धरला जातो. पण रस्त्यावर येण्याआधी तिचा बराच प्रवास बाकी असतो. ती डीलरच्या यार्डात उभी राहते, कधी आठवडाभर, कधी दोन महिने. या काळात तिच्यात पैसा अडकलेला असतो तो डीलरचा किंवा डीलरला कर्ज देणाऱ्या बँकेचा. मग गिऱ्हाईक येतं, फायनान्स मंजूर होतं, विमा निघतो, रोड टॅक्स भरला जातो, पासिंग होतं आणि गाडी ‘वाहन’ या सरकारी नोंदणी प्रणालीत चढते. यातल्या पहिल्या टप्प्याला धंद्यात डिस्पॅच किंवा होलसेल म्हणतात, शेवटच्याला रिटेल. पहिल्याचे आकडे कंपन्या देतात आणि उत्पादकांची संघटना ‘सियाम’ ते एकत्र करते. दुसऱ्याचे आकडे ‘वाहन’वरून घेऊन डीलरांची संघटना ‘फाडा’ दर महिन्याला प्रसिद्ध करते.

आता तुमचाच एप्रिल २०२५ घ्या. त्या महिन्यात हीरोने निर्यात धरून सुमारे ३.०५ लाख गाड्या पाठवल्या. वर्षभरापूर्वी, एप्रिल २०२४ मध्ये, हाच आकडा ५.३३ लाख होता. म्हणजे चाळीस टक्क्यांहून मोठी घट. होंडाने त्याच एप्रिलमध्ये सुमारे ४.८ लाख गाड्या पाठवल्या, त्यातल्या सव्वाचार लाखांच्या आसपास देशात. मथळा तयारच होता. पण त्याच महिन्यात ‘वाहन’वर हीरोच्या पाच लाखांहून जास्त गाड्यांची नोंदणी झाली, आणि नोंदणीत ती होंडाच्या बरीच पुढे होती.

पाठवल्या तीन लाख आणि रस्त्यावर आल्या पाच लाख, तर मधल्या दोन लाख आल्या कुठून? डीलरांच्या यार्डांतून. आधीच्या महिन्यांत जमलेला माल एप्रिलमध्ये विकला गेला. हीरोने त्या महिन्यात पुरवठा जुळवून घेण्यासाठी काही कारखान्यांतलं उत्पादन थोडे दिवस थांबवलं होतं. पण थोड्या दिवसांच्या बंदने चाळीस टक्के घट होत नाही. माझ्या मते तो महिना साठा उतरवण्याचा होता आणि ग्राहकाच्या मागणीला तेव्हा काहीही झालेलं नव्हतं. ज्याने फक्त डिस्पॅच पाहिला त्याला कंपनी कोसळल्यासारखी वाटली असेल. ज्याने फक्त नोंदणी पाहिली त्याला काही घडलंच नाही असं वाटलं असेल. घडलेली गोष्ट या दोन आकड्यांच्या मधल्या फरकात होती, आणि तुम्ही प्रकल्पात तोच फरक मोजावा असं माझं म्हणणं आहे.

याच्या उलटही घडतं, आणि जास्त वेळा घडतं. महिन्याचे शेवटचे दोन-तीन दिवस, त्यातही तिमाही किंवा आर्थिक वर्ष संपताना, डीलरशिपमध्ये मागितल्यापेक्षा जास्त गाड्या उतरतात. एरिया मॅनेजरला टार्गेट पूर्ण करायचं असतं. डीलरलाही टार्गेटवरचा इन्सेंटिव्ह हवा असतो, म्हणून तो पूर्ण नाही म्हणत नाही. कागदावर कंपनीचा मार्च झकास दिसतो. एप्रिल-मेमध्ये तोच माल हलवण्यासाठी डीलर स्वतःच्या मार्जिनमधून सूट देतो, सबडीलरकडे गाड्या सरकवतो आणि वर व्याज भरतो. हे सगळ्या कंपन्यांत कमी-अधिक चालतं. म्हणून एका महिन्याच्या डिस्पॅचवरून कोण जिंकलं ते ठरवणं मला डीलरांवर अन्याय करणारं वाटतं, कारण त्या ‘विजयाचा’ खर्च पुष्कळदा त्यांनी उचललेला असतो.

तरीही डिस्पॅचचा आकडा टाकाऊ नाही. प्रश्न कंपनीच्या या तिमाहीच्या महसुलाचा असेल तर तोच आकडा लागतो, कारण कंपनीच्या हिशेबात तोच उतरतो. प्रश्न ग्राहकाच्या पसंतीचा असेल तर नोंदणी. आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत काय होईल असा प्रश्न असेल तर दोन्हींमधला फरक. तुमचा प्रकल्प यातल्या कोणत्या प्रश्नाचा आहे ते पहिल्या पानावर लिहून टाका. नाहीतर पुढे प्रत्येक तक्त्यात गोंधळ होईल.

आता नोंदणीच्या आकड्याकडे येऊ. ‘सरकारी आकडा म्हणजे अंतिम सत्य’ असं अनेक जण धरून चालतात. तसं नाही. तेलंगण राज्य अनेक वर्षं ‘वाहन’ प्रणालीच्या बाहेर होतं, त्यामुळे फाडाच्या आकड्यांत तिथल्या गाड्या येत नव्हत्या. डिस्पॅचमध्ये मात्र त्या मोजल्या जात होत्या. शिवाय विक्री आणि नोंदणी यांत काही दिवसांचं अंतर असतं, म्हणून महिनाअखेरीस घेतलेली गाडी पुढच्या महिन्यात दिसते. डिसेंबरमध्ये बरेच लोक गाडी पसंत करून ठेवतात आणि उत्पादनाचं वर्ष नवं मिळावं म्हणून जानेवारीत घेतात. मग डिसेंबर पडलेला दिसतो आणि जानेवारी उसळलेला.

कायदा बदलतो तेव्हा नोंदणीही फुगते. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३, म्हणजे जुन्या उत्सर्जन निकषांच्या, गाड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. कंपन्यांकडे आणि डीलरांकडे मिळून आठ लाखांहून जास्त वाहनं पडून होती आणि त्यातल्या बहुतेक दुचाकी होत्या. पुढच्या दोन दिवसांत मोठमोठ्या सवलती देऊन त्यातल्या बऱ्याच विकल्या गेल्या. तो मार्च आणि त्याच्या पुढचा एप्रिल कुठल्याही वार्षिक तुलनेत सरळ घेता येत नाही.

हे सगळं एका वर्षाच्या आकड्यांवर लावून बघा. २०२४-२५ या आर्थिक वर्षात निर्यात धरून हीरोने सुमारे ५८.९९ लाख आणि होंडाने ५८.३१ लाख गाड्या पाठवल्या. दोघींतलं अंतर जेमतेम सत्तर हजारांचं. निर्यात वगळून फक्त देशातला डिस्पॅच धरला तर हीरो ५६.१ लाख आणि होंडा ५३.३ लाख, म्हणजे अंतर पावणेतीन लाखांच्या पुढे जातं. फाडाची नोंदणी धरली तर हीरो ५४.५ लाख, होंडा ४७.९ लाख, आणि अंतर साडेसहा लाखांवर. वर्ष तेच आणि कंपन्याही त्याच. हीरो तिन्ही ठिकाणी पहिली आहे, पण ‘होंडा मानगुटीवर बसली आहे’ आणि ‘होंडा बरीच मागे आहे’ ही दोन्ही वाक्यं कोणीही प्रामाणिकपणे लिहू शकतो.

यातून घाईने एक निष्कर्ष काढला जातो, त्यापासून सावध राहा. होंडाच्या देशातल्या डिस्पॅच आणि नोंदणीत सुमारे दहा टक्क्यांचा फरक आहे, हीरोच्या फक्त तीन टक्क्यांचा. म्हणजे होंडाने वर्षभर डीलरांकडे माल कोंबला का? तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. होंडाचा जोर दक्षिणेत आणि पश्चिमेत जास्त आहे, हीरोचा उत्तर, मध्य आणि पूर्व भारतात. तेलंगण आकड्यातून गळालं की होंडाचं नुकसान हीरोपेक्षा जास्त दिसणार, हे ओघाने आलं. त्या दहा टक्क्यांतला किती भाग तेलंगणाचा आणि किती साठ्याचा, हे एकाच वर्षाच्या बेरजेतून सुटं करता येत नाही.

मी ते असं सुटं करतो. प्रत्येक कंपनीने देशात पाठवलेल्या दर शंभर गाड्यांमागे किती नोंदल्या गेल्या, हे प्रमाण काढतो आणि ते त्याच कंपनीच्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतो. तेलंगण ‘वाहन’च्या बाहेर होतं त्या वर्षांत त्याचा परिणाम साधारण सारखाच राहिला, म्हणून तो सरासरीत जिरतो. एखाद्या कंपनीचं प्रमाण नेहमी नव्वदच्या आसपास असेल आणि यंदाही नव्वदच असेल, तर काळजीचं कारण नाही. ते सलग तीन महिने ऐंशीवर आलं तर यार्ड भरत चाललं आहे. शंभराच्या वर गेलं तर साठा उतरतो आहे. कंपन्यांचं प्रमाण आपापसात ताडण्यापेक्षा प्रत्येकीचं तिच्याच इतिहासाशी ताडणं जास्त भरवशाचं आहे.

साठा दिवसांत मांडला की चित्र आणखी स्पष्ट होतं. समजा, एका कंपनीने सलग तीन महिने दरमहा चार लाख गाड्या पाठवल्या आणि दरमहा ३.६ लाख नोंदल्या गेल्या. तीन महिन्यांत १.२ लाख गाड्या शिल्लक साचल्या. रोजची नोंदणी सरासरी बारा हजार असेल तर हा दहा दिवसांचा जादा माल झाला. दिवाळीच्या तोंडावर दहा दिवस काहीच नाहीत, उलट डीलर ते मागून घेतो. जूनमध्ये, पाऊस सुरू होताना, तेच दहा दिवस जड जातात.

इथे पंचांग मधे येतं, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त तुलना इथेच फसतात. आपल्याकडे दुचाकी मुहूर्त बघून घेतली जाते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, त्यामुळे पुढचे सण लांबले. दसरा २४ ऑक्टोबरला होता आणि धनत्रयोदशी १० नोव्हेंबरला. २०२४ मध्ये दसरा १२ ऑक्टोबरला आणि धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला, म्हणजे दोन्ही ऑक्टोबरमध्येच. ऑक्टोबर २०२४ ची नोंदणी ऑक्टोबर २०२३ पेक्षा एक तृतीयांशाहून जास्त वाढलेली दिसली, त्यात मोठा वाटा तिथींचा होता. पाठोपाठच्या नोव्हेंबरमध्ये याची उलट बाजू दिसेल असं वाटण्यासारखं होतं, पण दुचाकींची नोंदणी तेव्हाही वाढलीच. सप्टेंबर ते नोव्हेंबर एकत्र धरा, किंवा फाडासारखं नवरात्राच्या पहिल्या दिवसापासून बेचाळीस दिवस मोजा. इंग्रजी महिने समोरासमोर ठेवून सणांच्या काळातली तुलना करूच नका. पितृपक्षही लक्षात घ्या. त्या पंधरवड्यात ग्राहक येत नाही, पण डिस्पॅच जोरात चालतो कारण डीलर नवरात्रासाठी माल भरत असतो. नेमका तेव्हाचा फरक पाहून ‘साठा तुंबला’ असं कोणी लिहिलं तर ते चूक ठरेल.

२०२५ मध्ये यात कराची भर पडली. १५ ऑगस्टला जीएसटी सुधारणांची घोषणा झाली, ३ सप्टेंबरला परिषदेने दर ठरवले आणि २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. स्वस्त होणार म्हटल्यावर लोक थांबले. वर ७ ते २१ सप्टेंबर पितृपक्ष, आणि २२ तारखेला घटस्थापना. म्हणजे सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे थंड आणि शेवटचे नऊ दिवस कर-कपात अधिक नवरात्र. सप्टेंबर २०२४ मध्ये नवरात्राचा एकही दिवस नव्हता, कारण घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती. या दोन सप्टेंबरांची टक्केवारी काढून कोणत्याही कंपनीबद्दल काही सांगता येईल असं मला वाटत नाही. ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर मात्र कर ४० टक्के झाला. रॉयल एनफिल्ड आपला मासिक आकडा ३५० सीसीपर्यंत आणि त्यावर असा विभागून देते. तिची एकूण बेरीज घेतली तर स्वस्त झालेल्या आणि महागलेल्या गाड्या एकाच आकड्यात मिसळतात, म्हणून तो विभागलेलाच वापरा.

आणखी एक गोष्ट. तुमच्या प्रश्नात ‘मोटरसायकल’ हा शब्द आहे, पण दिलेले आकडे दुचाकीचे आहेत. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे १.९६ कोटी दुचाकी पाठवल्या गेल्या. त्यात मोटरसायकली साधारण १.२२ कोटी, स्कूटर ६८ लाख आणि मोपेड ५ लाख. होंडाचा मोठा आधार अ‍ॅक्टिव्हा आहे. टीव्हीएसकडे ज्युपिटर, एनटॉर्क आणि एक्सएल १०० मोपेड आहे. हीरोची बहुतेक विक्री स्प्लेंडरसारख्या मोटरसायकलींची आहे. बजाज पेट्रोल स्कूटर बनवतच नाही, तिच्याकडे स्कूटर म्हणजे इलेक्ट्रिक चेतक. फक्त मोटरसायकली मोजल्या तर हीरो पहिल्या क्रमांकावर एकटीच उभी राहते आणि होंडाशी चुरस वगैरे काही उरत नाही. अडचण अशी की ‘वाहन’च्या डॅशबोर्डवर मोटरसायकल आणि स्कूटर यांचा वर्ग एकच आहे, ‘एम-सायकल/स्कूटर’. तिथून त्या वेगळ्या करता येत नाहीत. मोटरसायकलपुरती तुलना हवी असेल तर सियामच्या किंवा कंपन्यांच्या विभागवार डिस्पॅचशिवाय पर्याय नाही, आणि मग डिस्पॅचच्या सगळ्या मर्यादा सोबत येतात. ही कोंडी खरी आहे. प्रकल्पात ती लपवू नका.

बजाजच्या बाबतीत निर्यात वेगळी काढणं सक्तीचंच समजा. २०२४-२५ मध्ये तिच्या दर पाच दुचाकींपैकी दोन परदेशी गेल्या. नायजेरियाचं चलन नायरा घसरलं की आकुर्डीच्या मुख्यालयातून जाहीर होणारा बजाजचा एकूण आकडा खाली येतो, पण त्यावरून पल्सरला इथे मागणी कमी झाली असा अर्थ निघत नाही. बजाजच्या एकूण विक्रीत तीनचाकीही असतात, टीव्हीएसच्याही. बातमीत ‘एकूण विक्री’ वाचलं की मूळ निवेदन उघडून दुचाकी, देशांतर्गत, ही ओळ शोधा. शिवाय चाकणला बनणाऱ्या केटीएम आणि ट्रायम्फ बजाजच्या आकड्यात येतात, आणि हार्लेची एक्स४४० हीरो बनवते. तुम्हाला ब्रँडची तुलना करायची आहे की उत्पादकाची, हे आधी ठरवावं लागेल.

वाढीच्या टक्केवारीबद्दल फार लिहीत नाही. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे देशात गाड्यांचा डिस्पॅच शून्य होता, तेव्हा एप्रिल २०२१ ची टक्केवारी काढताच येत नाही. २०२१-२२ मध्ये बाजार सुमारे १.३५ कोटींवर घसरला होता, म्हणून त्यानंतरची प्रत्येक वाढ मोठी दिसते. २०१८-१९ चा २.११ कोटींचा उच्चांक २०२४-२५ पर्यंत ओलांडला गेला नव्हता. कंपन्यांची वाढ दाखवताना २०१८-१९ हे वर्ष तक्त्यात ठेवा.

तक्ता करताना प्रत्येक कंपनीसाठी देशांतर्गत डिस्पॅच आणि नोंदणी असे दोनच स्तंभ महिन्यागणिक भरा. शेजारी तो महिना आणि त्याआधीचे दोन अशा तीन महिन्यांची बेरीज आणि दर शंभरामागचं प्रमाण मांडा. सण, कर-बदल आणि उत्सर्जन नियमांचे महिने वेगळ्या रंगात ठेवा. ‘वाहन’वरून आकडे ज्या दिवशी उतरवले ती तारीख खाली लिहा, कारण उशिरा चढलेल्या नोंदींमुळे मागच्या महिन्यांचे आकडे नंतर थोडे बदलतात. आणि उत्पादकांच्या यादीत नावं नीट वाचून निवडा. तिथे दिसणारी हीरो इलेक्ट्रिक ही वेगळी कंपनी आहे, हीरो मोटोकॉर्पच्या बेरजेत ती धरायची नाही. हीरो मोटोकॉर्पच्या इलेक्ट्रिक स्कूटर विडा या नावाने विकल्या जातात, त्या मात्र तिच्या बेरजेत येतात.